मधला रकाना

रविवार, ९ तारीख

धाकटा, माझा भाऊ, गुरुवारी गेला. कागद गिरणीत, लगद्याच्या टाकीवर जो प्लॅटफॉर्म आहे तिथून पडला. तीन दिवसांत हे वाक्य इतक्या जणांना सांगितलं की आता ते माझं वाटतच नाही. दुकानावरची पाटी वाचावी तसं तोंडातून येतं.

माणसं येतात, बसतात, उठतात. भावजय भिंतीला टेकून बसलेली असते आणि तिच्या मांडीत ठमी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी. मी आपली कप विसळते, दारातल्या चपला सरळ लावते, कोणी विचारलं तर गेल्या गुरुवारचं सांगते. शेजारीण भावजयीला म्हणाली, "ताई आहेत म्हणून बरं. किती खंबीर आहेत बघ." खंबीर कसली डोंबलाची! मला काही होतच नाहीये. दाताला भूल दिली की गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं अंग झालंय.

दुपारी बारीक साहेब येऊन गेले. आमचे कामगार अधिकारी. अंगावर मांस म्हणून नाही, तेव्हा अख्खी गिरणी त्यांना बारीक साहेबच म्हणते. दहा मिनिटं छताकडे बघत बसले. जाताना दारात थांबून म्हणाले, "ताई, आत्ता बोलू नये, पण अपघाताचा फॉर्म वीस तारखेच्या आत हेड ऑफिसला निघायला हवा. तुमच्याशिवाय इंग्रजी लिहिणार कोण?"

मी हो म्हटलं. बावीस वर्षं मीच लिहिते.

मंगळवार, ११

कामावर गेले. घरी बसून तरी काय दिवे लावणार होते?

टेबलावर फॉर्म ठेवलेला होता. हेड ऑफिस लांब आहे, तिथल्या लोकांना इंग्रजीच कळतं, आणि अपघाताची हकीकत त्यांना एका ओळीत लागते. फॉर्मवर तीन रकाने. पहिला, माणसानं काय केलं. मधला, कसं केलं. तिसरा, कुठे. मी कामाला लागले तेव्हा जुने साहेब होते. त्यांनीच मला हे शिकवलं. म्हणायचे, "बाई, इंग्रजीला घाबरायचं काही कारण नाही. आधी क्रिया घ्यायची, ती भूतकाळात टाकायची. तिच्यामागे कशी ते लावायचं, त्याच्यामागे कुठे ते लावायचं. झालं इंग्रजी." आपल्यात क्रिया शेवटी येते, सगळं सांगून झाल्यावर. त्यांच्यात माणूस आधी पडून मोकळा होतो, मग कसा ते कळतं, मग कुठून. सुरुवातीला मला ते फार उद्धट वाटायचं. मग सवय झाली.

स्लिप्ड सडनली ऑन द वेट फ्लोअर. लीन्ड केअरलेसली ओव्हर द बेल्ट. रॅन हरिडली डाउन द स्टेअर्स. घसरला, वाकला, धावला. हात आपोआप चालतो. मधल्या रकान्यासाठी जुन्या साहेबांनी पाच शब्द टाइप करून दिले होते, ते अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. सडनली म्हणजे अचानक, हरिडली म्हणजे घाईघाईने, केअरलेसली म्हणजे निष्काळजीपणे, रॉन्गली म्हणजे चुकीच्या पद्धतीने आणि अनेसेसरिली म्हणजे विनाकारण. मधला रकाना रिकामा गेला की फॉर्म परत येतो. सडनली लिहिलं तर वरून चार प्रश्न विचारतात, म्हणून ते मी सहसा वापरत नाही.

पहिल्या रकान्यात लिहिलं, फेल. पडला. मधल्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसंच बसून राहिले. मग जेवणाची सुट्टी झाली. डबा खाल्ला. काय होतं डब्यात, आता आठवत नाही.

गुरुवार, १३

आज दोघांच्या जबान्या घेतल्या.

वेल्डर आधी आला. म्हणाला, "लिहा बाई, रेलिंग मीच काढलं. गेल्या महिन्यात, सतरा तारखेला. खालून पार गंजलं होतं, कोणी टेकलं असतं तर घेऊन पडलं असतं. नवीन करायला पाइप मागितला. रोज विचारायचो. रोज म्हणायचे, उद्या." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. टोपी पिळत होता.

मग ऑइलमन, यंत्रांना तेल घालणारा. तो धाकट्याच्या पाळीला असतो. "दर तासाला वर जाऊन टाकीचा काटा बघायचा असतो," तो म्हणाला. "काच चमकते ना बाई, दोन पावलं मागे सरल्याशिवाय आकडा दिसत नाही. आम्ही सगळेच सरतो. पाठीला रेलिंग लागलं की थांबायचं. तो सरला. पाठीला काही लागलं नाही."

"रेलिंग नाही हे त्याला माहीत नव्हतं?"

"होतं की. पण पायांना कुठे माहीत होतं? बारा वर्षांची सवय ती."

"घाईत होता का?"

"छे हो! शीळ घालत होता."

"मग कसा पडला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कसा म्हणजे? माणूस पडतो तसा पडला. बाई, तुम्ही पण ना!"

मी माफी मागितली. पण फॉर्मवर प्रश्न आहे तो आहे. आणि रेलिंग नव्हतं, हे मी घालू कुठे? पहिला रकाना त्यानं काय केलं त्याचा आहे. रेलिंग नसणं हे काही त्यानं केलेलं नाही.

शुक्रवार, १४

ठमीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लावून बघितलं. फेल हेविली, म्हणजे धपकन पडला. फेल बॅकवर्ड्स, मागच्या मागे. फेल सायलेंटली, आवाज न करता. हे शब्द एकमेकांशेजारी नीट बसतात. फेल हरिडली बसत नाही. घाईघाईने कोणी पडत नसतं, घाई असली तर ती त्याच्या आधी असते. फेल केअरलेसली तर अजिबातच नाही. पडताना माणसाला जेवढी काळजी वाटत असेल तेवढी जन्मात कधी वाटली नसेल.

तरी हे मी लिहिलंय. किती वेळा कोण जाणे! आणि वरून एकानेही विचारलं नाही, बाई, हे काय भलतंच.

शनिवार, १५

अर्धा दिवस होता. सगळे गेल्यावर जुन्या फायली काढल्या. बावीस वर्षांत एक्केचाळीस फॉर्म. त्यातल्या छत्तीस फॉर्मांवर मधल्या रकान्यात हरिडली नाहीतर केअरलेसली. केअरलेसली लिहायला लांब पडतं, तेव्हा काम तुंबलेलं असलं की हरिडली. सरळ पाट्या टाकल्यात मी.

एकेक नाव बघत गेले. कटरवरचा, ज्याचा हात गेला. बॉयलरवाला. शटर फिटर, तो गेला तेव्हा मी नवीनच होते. या सगळ्यांच्या घरच्यांनी फॉर्म गेल्यावर दोन-तीन महिन्यांत गिरणीची खोली सोडली. मला वाटायचं, आपलं माणूस जिथे गेलं तिथे राहवत नसेल. शटर फिटरची बायको जाताना तिचं लाकडी कपाट मला देऊन गेली. मी नको नको म्हणत होते तर म्हणाली, "राहू द्या हो. तुम्ही आमचं सगळं इंग्रजीत लिहून दिलंत, कोण करतं एवढं?" ते कपाट आमच्या खोलीत आहे. दार नीट लागत नाही, बाकी छान आहे.

यातून काही निघत असेल तर आज मला काढता येत नाही. डोकं बधिर झालंय. फायली जागेवर ठेवून घरी आले.

सोमवार, १७

बारीक साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "ताई, हरिडली टाका आणि मोकळ्या व्हा. का जीव टांगणीला लावताय?"

मी विचारलं, ते टाकल्यावर वर काय होतं? बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

ते पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, "मधल्या रकान्यात माणसाची चूक दिसली की प्रकरण बंद. गिरणीचा दोष नाही, म्हणून घरच्यांचा हक्क नाही. खोली साठ दिवसांत रिकामी."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

बरोबरच आहे. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा. मी सगळा विचार केलाय. खोली धाकट्याच्या नावावर आहे, ती तुमच्या नावावर करून घेतो. तुम्ही नोकरीत आहात, नियमात बसतं. भावजय आणि मुलगी तुमच्याकडे राहतील. कोणी रस्त्यावर येणार नाही. पण रेलिंगचं वर कळलं ना, तर आधी माझी मान जाईल आणि मग तुमची. पाइप मीच अडवला होता, ताई. खर्च कमी करा म्हणून वरून रोज ओरडा. मलाही दोन मुली आहेत."

त्यांचे डोळे भरले होते. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. मी म्हटलं, विचार करते.

खरं सांगायचं तर विचार करण्यासारखं काही नाही. एक शब्द टाकायचा, सगळे आहेत तिथे राहतात. भावजयीला इंग्रजी येत नाही, तिला कळायचंही नाही. धाकट्याला आता काय फरक पडणार?

मंगळवार, १८

भावजय धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. धाकट्याचे शर्टही तिनं धुतले होते, घड्या करून वेगळे ठेवत होती. मी समोर बसले, टॉवेल घेतले.

"ताई," ती म्हणाली, "बायका म्हणतात, फॉर्मवर सगळ्यांना बेफिकीर ठरवतात. खरं का?"

मी म्हटलं, "बायका काय, काहीही बोलतात."

"हे तसे नव्हते हो. साधा दिवा लावायचा तरी हात पुसून लावायचे. बाकी काही झालं तरी चालेल, खोली गेली तर मी चार घरची कामं करीन, पण ठमीला उद्या कोणी म्हणायला नको की बाप स्वतःच्या चुकीनं गेला. तेवढं बघाल ना?" मग शर्टाची बाही सरळ करत म्हणाली, "आणि तुम्ही तर रेलिंगचं वर कळवलंही होतंत. हे म्हणाले होते मला, ताईला सांगितलंय, ती लिहील. वरच्यांनीच कानाडोळा केला ना?"

मी "हो" म्हटलं.

इथे तरी खरं लिहिते. गेल्या महिन्यात अठरा तारखेला, शनिवारी, आम्ही जेवत होतो. धाकटा म्हणाला, वरचं रेलिंग काढलंय, पाइप देत नाहीत, तू हेड ऑफिसला चार ओळी टाक. मी म्हटलं, बघते. तर हसून म्हणतो कसा, "बघते काय? तुझं ते इंग्रजी एकदा जिवंत माणसासाठी वापर की!"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. बावीस वर्षं मान मोडून लिहितेय आणि हा धाकटा, ज्याचा शेंबूड मी पुसला, तो मला शिकवतो! मनात म्हटलं, आता नीट येऊन विचारशील तेव्हाच लिहीन. पण तोही माझाच भाऊ. त्यानं परत विचारलं नाही. मी लिहिलं नाही. मीठ दे, पाणी घे, एवढ्यापुरतं बोलत होतो आम्ही. एकोणीस दिवस. कोरा कागद माझ्या टेबलावर पडून होता. दहा मिनिटांचं काम होतं.

हे लिहिताना तरी काही होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. पेनातली शाई संपत आलीय, उद्या आणायला हवी.

बुधवार, १९

आज फॉर्म लिहिला. नवीन कोरा घेतला. पहिल्या रकान्यात फेल नाही लिहिलं. पडणं त्यानं केलं नाही. मागे सरला एवढंच त्यानं केलं. म्हणून स्टेप्ड बॅक. मधल्या रकान्यात काचेखालचा एकही शब्द नाही. ॲज एव्हरीवन डिड, सगळे सरायचे तसा. तिसऱ्या रकान्यात प्लॅटफॉर्मवर, जिथलं रेलिंग काढून वीस दिवस झाले होते. रकाना इवलासा, तिथे थोडंच मावतंय. मग कडेच्या कोऱ्या जागेत, तिथून कागद आडवा करून खाली, लिहीतच गेले. पाइप मागितला होता, दिला नाही. गेल्या महिन्यात अठरा तारखेला या माणसानं आपल्या बहिणीला, म्हणजे हा फॉर्म लिहिणाऱ्या बाईला, वर कळवायला सांगितलं होतं. तिनं कळवलं नाही. खाली सही. वेगळ्या कागदावर त्या छत्तीस जणांची नावं लिहिली आणि म्हटलं, यांचे मधले रकाने मी न विचारता भरले आहेत, ते खरे धरू नयेत.

बारीक साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. "ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. माझ्याही." त्यांनी सही केली नाही. पण अडवलंही नाही. शिक्का माझ्या बाजूला सरकवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी शिक्का मारला, पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पावती घेतली. नोकरी आता राहील असं वाटत नाही. खोलीचं तर काहीच सांगता येत नाही.

घरी आले तेव्हा भावजय मटार सोलत होती. ठमी शेजारी खेळायला गेली होती. मी नक्कल काढली आणि तिला आपल्या भाषेत वाचून दाखवली. सगळे सरायचे तसा सरला, इथे ती मान हलवत होती. शेवटच्या दोन ओळी आल्या तेव्हा तिचे हात थांबले.

"परत वाचा."

परत वाचलं.

"अठरा तारखेला?"

"हो."

"म्हणजे एकोणीस दिवस."

"हो."

"का?"

"त्याचं बोलणं लागलं म्हणून. त्यानं परत विचारावं म्हणून थांबले."

"आणि काल मला हो म्हणालात."

"हो."

ती ओरडली नाही. ओरडली असती, मला दोन लगावल्या असत्या, तर बरं झालं असतं. मटाराचं ताट बाजूला सारून आत गेली. मी तिथेच बसून राहिले. जमिनीवर सालं पडली होती ती गोळा करावीत की नाही, हेही ठरवता येईना. छातीत काहीतरी हललं, जड फर्निचर सरकवल्यासारखं, आणि फार दुखलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. डोळे सुजले होते. हातात ठमीची वही आणि पेन्सिल. माझ्यासमोर बसली, वही उघडून मध्ये ठेवली.

"मला इंग्रजी शिकवा. यापुढे आमचं मी लिहीन."

"आत्ता?"

"आत्ताच. एबीसीडी येते मला, ठमीबरोबर झालीय. पडला, कसं लिहितात?"

मी लिहून दाखवलं. चार अक्षरं. तिनं खाली तशीच काढली, पेन्सिल दाबून, एकेक अक्षर माझ्या अक्षराशी ताडून बघत. मग पेन्सिल उचलून विचारलं, "पुढे?"

पाचही शब्द माझ्या ओठांवर आले. आपोआप आले. मी म्हटलं, "पुढे काही लागत नाही. एवढ्यानं पुरं होतं."

"मग इतकी वर्षं तुम्ही पुढे काय लिहीत होतात?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खालच्या ओळीवर तोच शब्द पुन्हा काढायला घेतला.